शीलाकाकूंची जीभ

काष्टीहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एका वाडीचा फाटा येतो. फाट्यावरच पत्र्याच्या शेडमध्ये दूध संकलन केंद्र आहे. पाटीवर तसं लिहिलेलंही आहे, पण वाडीत किटली घेऊन निघालेल्या कुणालाही कुठं निघालास म्हणून विचारा, उत्तर एकच येतं, काकूंकडं. या काकू म्हणजे सत्यशीला. एवढ्या लांबलचक नावानं हाक मारायला सवड कुणाला आहे, म्हणून शीलाकाकू. वय चौपन्न, शिक्षण दहावी, आणि वजन चौऱ्याऐंशी किलो. ते त्यांनी स्वतःच केंद्राच्या काट्यावर उभं राहून बघितलं होतं आणि वाडीला सांगूनही टाकलं होतं, कारण माहिती दाबून ठेवणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

केंद्र बावीस वर्षं त्यांच्या हातात आहे. सकाळी साडेपाचला शेड उघडायचं, कॅन घेऊन लोक रांगेला लागायचे, आणि काकूंचं एकसारखं काम सुरू व्हायचं. कॅनमधलं दूध डावानं ढवळायचं, नमुना काढून मशीनला लावायचा, मशीन फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, दाखवेपर्यंत डावातलं उरलेलं थोडं दूध तळहातावर घेऊन जिभेला लावायचं. मशीन आलं दहा वर्षांपूर्वी. जीभ त्याच्या आधीची. दूध किंचित खारट लागलं की काकू त्या माणसाला सांगायच्या, घरी जाऊन गाईचा सड बघ, दगडी होतेय. माणूस घरी जाऊन बघायचा तर खरंच एका सडाला सूज आलेली असायची. जनावरांचे डॉक्टरसुद्धा थट्टेनं म्हणायचे की ही जीभ मला द्या, मी तुम्हाला माझी मोटारसायकल देतो.

त्यामुळं काकूंच्या शब्दाला वाडीत वजन होतं, आणि शब्दाचं वजन अंगाच्या वजनापेक्षा जास्त होतं असं त्यांचे यजमान काकासाहेब म्हणत. अर्थात काकू जवळपास नसताना.

या शब्दाचा फटका एकदा सहादूला बसला होता. सहादू हा ओढ्याकाठचा साधा शेतकरी, दोन गाई बाळगून होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं दूध अचानक पातळ निघायला लागलं. एक दिवस नाही, सलग आठ दिवस डिग्री सव्वीसच्या वर सरकेना. गाईच्या दुधाची डिग्री अठ्ठावीसच्या खाली गेली की पाण्याची शंका घेतात. काकूंनी आधी बाजूला घेऊन सांगितलं, मग जरा मोठ्यानं सांगितलं, आणि नवव्या दिवशी भर रांगेत त्याचा कॅन परत केला. सहादूनं कॅनवर हात ठेवला आणि म्हणाला, “काकू, गाईची आन घेऊन सांगतो, पान्याचा थेंब घातला न्हाई.” काकू म्हणाल्या, “मशीन खोटं बोलत न्हाई, सहादू.” तीस माणसं ऐकत होती. सहादू कॅन उचलून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवसापासून त्यानं काष्टीच्या एका चहाच्या हॉटेलाला रतीब लावला, आणि पुढं कधी शेडसमोरून जायची वेळ आली तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा. काकूंना त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण नियम तो नियम, एवढं म्हणून त्या कामाला लागल्या होत्या.

आता काकूंच्या दुसऱ्या स्वभावाकडं येऊ. त्यांना प्रश्न पडतात. साध्या माणसाला जिथं जांभई येते तिथं काकूंना प्रश्न पडतो. गाय सुनेच्या हाताला पान्हा सोडते आणि नवऱ्याच्या हाताला आखडते, असं का, हे त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून विचारून त्यांचा चहा थंड केला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, काकू, ते हार्मोन असतं. ओळखीचा हात लागला, वासरू ढुसणी द्यायला लागलं की गाईच्या डोक्यातून ते रक्तात सुटतं, मग कासेतलं दूध खाली उतरतं. गाय घाबरली की ते अडतं. काकूंना हे इतकं आवडलं की पुढचे दोन महिने पान्ह्याचा विषय निघाला की त्या ‘हार्मोन’ म्हणायच्या आणि ऐकणारा गप्प बसायचा.

म्हणून श्रीगोंद्याच्या डॉक्टर प्रज्ञा यांनी जेव्हा तोच शब्द काढला तेव्हा काकू खुर्चीत पुढं सरकल्या. त्या गेल्या होत्या गुडघ्यासाठी. पण डॉक्टरांनी गुडघ्याआधी त्यांची मान बघितली. मानेच्या मागच्या बाजूला कातडी काळी आणि जाडसर झाली होती. काकू ती वर्षभर वजरीनं घासत होत्या, मळ समजून. डॉक्टर म्हणाल्या, हा मळ नव्हे, हार्मोनची गडबड दिसतेय, घासू नका, उपाशीपोटी एक तपासणी करून या. केंद्राचं काम उरकून काकू तशाच उपाशी लॅबला गेल्या. रिपोर्ट आला. साखर ठीक होती. पण इन्शुलिन अठ्ठावीस निघालं, दहाच्या आसपास असावं तिथं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. तोंडातून काही आत गेलं की शरीर इन्शुलिन सोडतं. ते रक्तातली साखर पेशींत भरतं आणि जास्तीची चरबी करून ठेवतं. जोवर ते रक्तात भरपूर आहे, तोवर साठवलेली चरबी सहजी बाहेर निघत नाही. तुम्ही दिवसभर थोडंथोडं तोंडात टाकत असाल तर ते दिवसभर सुटत राहणार, आणि शरीर त्याला जुमानेनासं झालं की आणखी सुटणार. म्हणून किती खाता यापेक्षा किती वेळा खाता ते आधी बघू. दोन वेळा पोटभर जेवा, मध्ये पाण्याशिवाय काही नको, आणि रोज पाऊण तास चाला. सगळ्यांनाच हे मानवतं असं नाही, ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर विचारल्याशिवाय करूच नये, पण तुम्हाला करून बघायला हरकत नाही.

काकूंनी विचारलं, “म्हंजी वासरू सारखंच ढुसन्या देत राह्यलं तर गाय किती येळ पान्हा सोडत बसंल, तसं का?”

डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसं नाही, पण तुम्ही तसं लक्षात ठेवलंत तर चालेल.

काकू घरी आल्या आणि आधी त्यांनी आपण दिवसात किती वेळा खातो ते आठवून काढलं. पहाटेचा चहा, शेड उघडल्यावरचा चहा, टँकरवाल्याबरोबरचा चहा आणि बिस्कीट, कुणाची गाय व्याली की खरवस, कुणाच्या घरचा प्रसाद, भाजता भाजता चार शेंगदाणे, नातवाच्या ताटातला उरलेला घास, संध्याकाळचा चहा, शिवाय न्याहारी आणि दोन जेवणं. अकरा वेळा झालं. त्या स्वतःच चकित झाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकराला एक जेवण आणि संध्याकाळचं संकलन उरकल्यावर साडेसातला दुसरं. मधला सगळा चहा बंद. टँकरवाला म्हणाला, काकू, तुम्ही चहा सोडलात तर आम्ही कुणाच्या जिवावर प्यायचा. पण काकूंनी मनावर घेतलं होतं. एका जुन्या डायरीत तोंडात काय गेलं ते लिहायला सुरुवात केली आणि एकाही दिवशी दोनपेक्षा जास्त नोंदी झाल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात अडीच किलो उतरलं. वाडीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या आणि काकू केंद्रावरच इन्शुलिनवर व्याख्यान देऊ लागल्या. मग काटा साडेएक्याऐंशीवर आला आणि तिथंच बसला. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. काकू सकाळी काट्यावर उभ्या राहायच्या, उतरायच्या, चप्पल काढून परत उभ्या राहायच्या. काही फरक नाही. तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. तशीच, सकाळचं संकलन उरकून, पाण्याचा घोटही न पिता. इन्शुलिन सत्तावीस.

डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि विचारलं, “काकू, उपाशी आला होतात ना?”

“पानी सुदिक घेतलं नव्हतं.”

“डायरीत आहे तेवढंच खाता?”

“तेवढंच.”

डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “माझी काही हरकत नाही हो, कधीतरी होतंच. पण रिपोर्ट खोटं बोलत नाही.”

सून रोहिणी शेजारीच बसली होती. स्कूटीवरून घरी येताना तिनंही, मागं न बघता, सांभाळून सांभाळून तेच काढलं. “आत्या, येखादा पेढा खाल्ला असला तरी कोन काय म्हननार न्हाई. पर डॉक्टरांना खरं सांगावं.” घरी आल्यावर काकू गोठ्यात जाऊन गाईला चारा टाकत उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. बावीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी पकडत आल्या होत्या. आज आपल्याच घरात आपलंच दूध पातळ ठरलं, आणि आपण खरं बोलतोय हे दाखवायला हातात काहीच नव्हतं. वजन गेलं खड्ड्यात. आपण खोटारड्या नाही, एवढं सिद्ध झालं तरी त्यांना पुरे होतं.

पण रडणं फार वेळ टिकलं नाही, कारण प्रश्न पडला. आपण खोटं बोलत नाही हे पक्कं. रिपोर्टही खोटं बोलत नसेल. मग दोन्ही खरं कसं?

काकूंनी शोध सुरू केला. आधी लॅबवर संशय घेतला. मग दात घासायच्या पेस्टवर, ती गोड लागते म्हणून. आठवडाभर कडुनिंबाच्या काडीनं दात घासले. मग रोजच्या तुळशीच्या पानावर. मग खोकल्याच्या औषधावर, जे त्यांनी सहा महिन्यांपूर्वी घेतलं होतं. काकासाहेब म्हणाले, आता हवेवर संशय घे, तीही नाकातून आत जाते. काकूंनी रागानं बघितलं, पण बघता बघता त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं. गाय दूध कमी द्यायला लागली तर आपण काय करतो? गाईला थोडंच विचारतो? गोठ्यात जाऊन उभं राहतो. काय खाते, कशी उभी राहते, कोण धार काढतं, सगळं डोळ्यांनी बघतो.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी रोहिणीला सांगितलं, “उद्या पहाटंपासनं माझ्यासंगं राहा. मला काय विचारू नको, मी सांगितलेलं ऐकू बी नको. माझा हात तोंडाशी गेला की रेघ मार.”

रोहिणीला आधी ते लाजिरवाणं वाटलं. पण सासूच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती उत्सुकता होती, तेव्हा ती कबूल झाली. पहाटे चारला दोघी उठल्या. काकूंनी दात घासले, पाणी प्यायलं, धार काढली, शेड उघडलं. रोहिणी दूध थंड करायच्या टाकीशेजारी खडू घेऊन बसली. रांग लागली. पहिला कॅन आला. काकूंनी ढवळलं, नमुना मशीनला लावला, तळहातावर दूध घेतलं आणि जिभेला लावलं. रोहिणीचा हात खडूसकट हवेत राहिला. तिनं सासूकडं बघितलं. काकू पुढच्या माणसाशी त्याच्या कालवडीबद्दल बोलत होत्या. रोहिणीनं टाकीच्या स्टीलवर एक रेघ मारली. दुसरा कॅन, दुसरी रेघ. पुढं तिनं बघायचंच सोडलं, नुसत्या रेघा मारत गेली.

आठला शेवटचा कॅन गेला. काकू हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, मला तर काहीच आठवत नाही बाई, तू एक तरी रेघ मारलीस का?

“चौऱ्यान्नव,” रोहिणी म्हणाली.

काकूंनी टाकीकडं बघितलं. पाच-पाचच्या जुड्या करून मारलेल्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या होत्या. त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उलटा-सुलटा करून बघितला. मग माप मागवलं. रोज जेवढं घेतात तेवढंच दूध तळहातावरून मापात सोडायचं, चौऱ्याण्णव वेळा. रोहिणी मोजत होती. पाव लिटरला थोडं कमी भरलं. तेवढंच संध्याकाळी. म्हणजे दोन जेवणांखेरीज रोज अर्ध्या लिटरच्या आसपास दूध, आणि तेही एकदम नाही, सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी अडीच तास, घोटाघोटानं. आणि दोन्ही तपासण्यांना त्या उपाशी म्हणून गेल्या होत्या त्या हे दूध पिऊनच.

काकू स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की रोहिणीही हसली, आणि हसता हसता तिनं सासूचा हात धरला. आपण संशय घेतला याचं तिला वाईट वाटत होतं, पण काकूंना त्याचं काहीच नव्हतं. कोडं सुटलं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

थुंकून टाकायचं का, असा प्रश्न आलाच. पण दूध थुंकायचं ही कल्पनाच काकूंना सोसेना. शेवटी जिभेऐवजी नाक वापरायचं ठरलं. वास शंकास्पद वाटला तरच जीभ, आणि तशी प्रत्येक वेळ डायरीत लिहायची. पहिले आठ दिवस हात आपोआप तोंडाकडं जायचा आणि रांगेतली माणसं ओरडायची, काकू, हात खाली. दोन महिन्यांनी तपासणीच्या दिवशी रोहिणीनं केंद्र सांभाळलं आणि काकू खरोखरच्या उपाशी पोटानं गेल्या. इन्शुलिन चौदा. वजन साडेअठ्ठ्याहत्तर. डॉक्टर प्रज्ञांनी चौऱ्याण्णव रेघांची हकिकत ऐकली, मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, “मी तुम्हाला खोटं समजले नव्हते हं, काकू.”

“समजला हुता,” काकू म्हणाल्या. “समजनारच. मी बी एकाला समजले हुते.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना सहादू आठवला. कॅनवर हात ठेवून उभा असलेला. परत येताना त्या मनात तेच घोळवत आल्या. आपण त्याचं दूध बघितलं, मशीन बघितलं, पण त्याच्या गोठ्यात काही गेलो नाही. स्वतःसाठी केलं तेवढंही त्याच्यासाठी केलं नाही.

त्याच संध्याकाळी केंद्र रोहिणीवर सोपवून त्या ओढ्याकाठी गेल्या. सहादू अंगणात दोर वळत होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. त्याची बायको बनुबाई मात्र गांगरून उभी राहिली. काकू म्हणाल्या, मला धार बघायची आहे, तुझं चालू दे. बनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं, तो दोर वळत राहिला, तेव्हा ती बादली घेऊन गाईखाली बसली. गोठ्यात आता एकच गाय होती. दुसरी दोन वर्षांपूर्वी भाकड झाली म्हणून विकली होती.

धार चोख निघाली. बनुबाईनं दूध कॅनमध्ये ओतलं. मग तांब्याभर पाणी बादलीत घेतलं, गरगर फिरवून कडांना लागलेलं दूध धुऊन घेतलं आणि तेही कॅनमध्ये ओतलं. गाळणीवरूनही थोडं पाणी सोडलं. मग झाकण लावलं.

काकू कॅनजवळ आल्या. त्यांनी विचारलं, “बनुबाई, आत्ता काय केलं?”

“काय केलं? धार काडली.”

“मंग?”

“मंग कॅनात वतली.”

“आन् पानी?”

बनुबाईनं बादलीकडं बघितलं, कॅनकडं बघितलं. “ते व्हय? ते बादली इसळलेलं. दूध वाया घालवू नी म्हनून. माजी सासू बी घालायची.” एवढं बोलून तिचा हात तोंडावर गेला.

दोन गाईंच्या पंधरा लिटरांत ते तांब्याभर पाणी कळत नव्हतं. एक गाय गेली, दूध सात लिटरांवर आलं, पाणी तेवढंच राहिलं. कोणत्या घरात बाई दुधाचं भांडं विसळून त्याच दुधात घालत नाही? काकूंच्या स्वतःच्या घरातही घालतात. काकूंनी तिथंच, गाईजवळ उभ्या उभ्या, आपल्या चौऱ्याण्णव रेघांची हकिकत सांगितली. काही लपवलं नाही, सुनेनं संशय घेतला तेही सांगितलं. सहादू दोर बाजूला ठेवून कधी उठून आला ते त्यांना कळलं नाही.

“म्हंजी मी खोटं बोललो न्हवतो,” तो म्हणाला.

“न्हाई. आन् मशीन बी न्हाई. माजंच चुकलं. तुज्या गोठ्यात यायला पायजे हुतं.”

सहादूनं बराच वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवला. मग बायकोला चहा टाकायला सांगितला. आता आली पंचाईत. चहा नको म्हटलं तर दोन वर्षांनी उघडलेलं दार परत लागायचं, आणि घेतला तर डायरी. काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, चहा नको, साडेसात वाजत आलेत, मला जेवायलाच वाढा. बनुबाई पळतच चुलीकडं गेली. काकू तिथं बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा पोटभर जेवल्या, आणि दोन वेळांचा नियमही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत सहादू उभा होता. लोक कुजबुजले. त्याची पाळी आली. काकूंनी दूध ढवळलं, नमुना मशीनला लावला. एकोणतीस डिग्री आली. सगळ्यांना आकडा दिसला, पण काकू आकड्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी डावातलं दूध उजव्या तळहातावर घेतलं. रांगेतून नेहमीप्रमाणं कुणीतरी म्हणालं, काकू, हात खाली.

काकूंनी हात खाली घेतला नाही. दूध जिभेला लावलं, सावकाश गिळलं आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “चोख हाय. तवा बी सहादू खरंच बोलला हुता.”

मग डायरी उघडून त्यांनी त्या दिवसाची पहिली नोंद केली. तळहातभर दूध, सहादूचं.